पहिला इंच

निरंजननं मेज फरशीवर ठेवलं आणि हात सोडला, तसे त्याचे चारही पाय चार दिशांना फाकले. त्यानं ते उचललं, पाय ओढून सरळ करायचा प्रयत्न केला, पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. नुकतंच जन्मलेलं वासरू उभं राहू पाहतं आणि बसकण मारतं, तसं ते मेज हळूच खाली बसलं.

वनमाला पांगुळगाड्याच्या दांडीला पॉलिश पेपर घासत होती. ती घासतच राहिली.

“हे असं होऊन राहिलंय, दीदी.”

“दिसलं.”

“एक नाही. तीनशेच्या तीनशे. लाकूड कापून झालं, भोकं पाडून झाली, फक्त जोडणी बाकी होती. आणि जोडलं तर उभंच राहत नाही.”

तीनशे! वनमालानं मान आणखी खाली घातली, नाहीतर तिला हसू फुटलं असतं. चौदा महिने ती या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. रायपूरच्या गुढियारीतल्या या पत्र्याच्या शेडमध्ये तो आज ना उद्या येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. एवढा मोठा घोळ डोक्यावर घेऊन येईल असं मात्र तिनं स्वप्नातसुद्धा मागितलं नव्हतं.

“पायल, साहेबाले पाणी दे,” ती म्हणाली.

‘साहेब’ हा शब्द तिनं चांगला चावून उच्चारला. पायलनं पाण्याचा ग्लास आणून निरंजनच्या हातात न देता शेजारच्या स्टुलावर ठेवला. लेक आईवर गेली होती.

मेज मुळात वनमालाचं. पायल तिसरीत असताना फरशीवर पालथी पडून अभ्यास करायची, आणि एका खोलीच्या घरात मेज आणून ठेवलं तर माणसांनी जायचं कुठे हा प्रश्न होता. तेव्हा वनमालानं हे घडीचं मेज काढलं. पाय आत मिटले की नुसती फळी उरते, ती खिळ्याला टांगायची. मांडी घालून बसलेल्या पोराला लिहायला बरोबर उंचीचं. पोर शाळेत गेलं की आईनं त्यावर भाजी चिरावी. घरात कोणी आजारी असेल तर पलंगावर तेच जेवणाचं ताट धरतं. पुढे एकदा रेल्वेच्या ऑफिसात एक कंबरदुखीचा बाबू टेबलावर फायलींचा ढीग रचून त्यावर उभ्यानं लिहिताना तिला दिसला, तर त्यालाही तिनं एक करून दिलं. टेबलावर हे मेज ठेवायचं आणि उभं राहून काम करायचं. बाबू खूश. दहा वर्षांत तिनं अशी पन्नासेक मेजं केली असतील, ओळखीत, एकेक.

मग निरंजन आला. घरासाठी, ऑफिससाठी, मुलांसाठी नव्या वस्तू शोधून काढायचं शिक्षण घेऊन आला होता. बोलायला गोड. दीड वर्षं तो या शेडमध्ये येऊन बसला, चहा प्यायला, ‘दीदी, तुमच्या हातात जादू आहे’ म्हणाला, आणि मोबाईलनं मेजांचे, तिच्या वहीच्या पानांचे फोटो काढत राहिला. एक दिवस एक मेज दाखवायला म्हणून घेऊन गेला. पुढची बातमी वनमालाला पेपरातूनच कळली. देशभरातल्या कल्पक वस्तूंच्या स्पर्धेत रायपूरच्या तरुणाला पहिलं बक्षीस. फोटोत तो, त्याच्या मांडीवर तिचं मेज. ते मेज पुढे स्पर्धावाल्यांकडेच राहिलं.

सत्काराला ती न बोलावता गेली होती. निरंजननं तिला मागच्या रांगेत पाहिलं आणि स्टेजवर बोलावलंही. लाज नावाची गोष्ट असती तर त्याची जीभ लटपटली असती. त्यानं माईक तोंडाशी धरून हसत सांगितलं, “ह्या आमच्या कारागीर. या वस्तूत डोकं माझं आहे, पण हात वनमालादीदींचे.”

टाळ्या वाजल्या. कोणीतरी तिच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. तो तिनं स्टेशनजवळच्या गाईला घातला.

“भोकं चुकली असतील का?” निरंजन आता गुडघ्यावर बसून मेजाखाली बघत होता. “पाय सरळ व्हायच्या आधीच त्याचं वरचं टोक फळीला अडतंय. खालून इंचभर कापून पाहिलं. नुसतं बुटकं झालं, फाकायचं काही थांबलं नाही. पाय फळीला धरणारी लोखंडी पकड मोठी बसवली तर डुगडुगतं. तुम्ही एकदा बघा ना.”

तिनं बघायची गरजच नव्हती. चौदा महिन्यांपूर्वी पायलनं त्याच्या कंपनीचं छापील माहितीपत्रक आणून दाखवलं, तेव्हाच तिनं बघून ठेवलं होतं. त्यात मेजाची आकृती होती, आकृतीवर मापं होती, आणि ती मापं तिच्या वहीतली होती. जशीच्या तशी.

आता वनमालाची वही जशीच्या तशी वाचणं म्हणजे काय हे फक्त वनमालाला माहीत. तिची टेप तिच्या बाबांची. बाबा, मारोती फिटर, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात होते. तिथे एकदा टेपचं टोक दरवाज्यात सापडलं, पहिला इंच चेंबला, त्यावरच्या रेघा गेल्या. बाबांनी टेप टाकली नाही. ‘पहिल्या इंचावर भरवसा ठेवू नको, पोरी,’ ते म्हणायचे. ‘एकवर अंगठा ठेव आणि तिथून मोज. कापताना एक सोड.’ वनमाला पंचवीस वर्षं तसंच करत आली. टेपवर दिसेल तो आकडा वहीत, आणि कापताना मनातल्या मनात एक वजा. पायलनं नवी टेप आणून दिली होती, ती खिळ्याला नवीच टांगलेली होती.

म्हणून वहीत मेजाचा पाय तेरा इंच होता आणि खरा बारा. वहीत बोल्टचं भोक वरून दोन इंचावर, खरं एकवर. बाजारातून आणलेली लोखंडी पकड बिचारी कोणाची वही वाचत नाही. तिला भोकाच्या वर एकच इंच लाकूड चालतं. निरंजनच्या मेजाच्या पायांना ते दोन इंच होतं, म्हणून पायाचं डोकं फळीला ठेचकाळत होतं. फळीचंही तेच. तिचं एका बाजूचं भोक दोनऐवजी तीन इंचावर गेलं होतं आणि दुसऱ्या बाजूचं दोनवरच होतं. माहितीपत्रकात या लंगडेपणाला ‘असमतोलाचं सौंदर्य’ असं नाव दिलं होतं. ते वाचून मायलेकी जेवायचं सोडून हसल्या होत्या.

आणि सगळं दुरुस्त करायला एक वाक्य पुरत होतं. सुरुवातीच्या टोकाचा एक इंच कापून टाका. लाकूड कमी नव्हतं, जास्तच होतं. तेवढं एक वाक्य वनमालानं चौदा महिने दाताखाली धरून ठेवलं होतं.

“दीदी?”

“मले काय समजते बापा त्यातलं,” ती म्हणाली. “मी हात आहे. डोकं तुमचं.”

निरंजन लाल झाला. मग त्यानं आवाज उतरवला. “शुक्रवारी शाळांना माल द्यायचा आहे. नाही दिला तर मी संपलो, दीदी. तुम्हाला राग आहे, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल तसं करू. पण आधी हे उभं करा.”

“आज मंगळवार,” वनमाला म्हणाली. “लय वेळ आहे. डोकं चालवा.”

तो गेला तेव्हा ते पांगळं मेज तिथेच राहिलं. वनमालानं ते उचलून दारासमोर, येता-जाता दिसेल असं ठेवलं. त्या दुपारी तिनं पाटवडीचा रस्सा केला. सणालाही आळस करणारी बाई, पण त्या दिवशी मसाला पाट्यावर वाटला.

“मम्मी, आज क्या है?” पायलनं विचारलं.

“काही नाही. भूक लागून राहिली.”

पायलला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. ती हसून म्हणाली, “शुक्रवार तक रोज बनाओगी क्या?”

“हव. रोज.”

शुक्रवारी काय होईल याची चित्रं वनमालानं त्या रात्री अंथरुणावर पडून एकेक करून पाहिली. शाळांची माणसं येतील. निरंजन मेज ठेवील. मेज बसेल. मग सगळे त्याच्याकडे बघतील, आणि त्याच्या गोड बोलण्याला तेव्हा मध लावायलाही जागा उरणार नाही. तिला अशी झोप लागली की सकाळी दूधवाल्यानं दोनदा कडी वाजवली.

बुधवारी नऊ वाजता पायल कानाला फोन लावूनच शेडमध्ये आली. तिनं फोन ठेवला.

“राधिका का था,” ती म्हणाली. “बंडू काका को निकाल रहे हैं.”

बंडूचं नाव या घरात वर्षभरात निघालं नव्हतं. सहा वर्षं तो वनमालाकडे होता. करवत त्याच्या हाती, टेपचं दुसरं टोक त्याच्या हाती. सत्कारानंतर तीन आठवड्यांत तो उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या श्यामकांतसेठच्या लाकूड कारखान्यात लागला, आणि निरंजनची मेजं तिथेच बनणार हे साऱ्या गुढियारीला माहीत होतं. वनमालानं त्या दिवशी त्याला तोडून टाकलं. पुढे त्यानं लेकीच्या, राधिकाच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, ती तिनं घेतली, आणि लग्नाच्या दिवशी शेडला कुलूप न लावता दिवसभर खटाखट खिळे ठोकत बसली. वरात याच गल्लीतून जाणार होती, ऐकू जावं म्हणून.

“काहून काढून राहिले?”

“बोल रहे हैं छेद उन्होंने गलत मारे. आज ग्यारह बजे सबके सामने लिखवा के लेंगे. अपनी गलती मान के जाओ, नहीं तो पुलिस, कि जानबूझ के किया.”

“मग लिहून देऊ दे.” वनमालानं रंधा उचलला. “त्याले कोणी सांगितलं होतं तिकडे जायले?”

“यहाँ काम कहाँ था, मम्मी? दो महीने आपने उनको आधा हफ्ता बुलाया था.”

वनमाला रंधा मारत राहिली. बंडूचा तिला निरंजनपेक्षा जास्त राग होता, कारण निरंजन परका होता. आणि त्यात आता ही आणखी एक गोष्ट. सहा वर्षं ज्या माणसानं त्या टेपचं टोक धरलं, एकवर अंगठा ठेवला, त्याच्यासमोर तोच आकडा कागदावर आला आणि त्याला ओळखू आला नाही! पायाला तेरा इंच बघून या गड्याला काहीच आठवलं नाही? इतक्या लवकर पुसून टाकलं सगळं? बरं झालं. भोग म्हणावं.

“और वो निरंजन भैया तो छूट गए,” पायल म्हणाली. “शुक्रवार को बोल देंगे कारीगर ने गड़बड़ कर दी, थोड़ा टाइम दो. सब उन्हीं पे तरस खाएँगे.”

रंधा थांबला.

हे चित्र वनमालानं रात्री पाहिलं नव्हतं. शुक्रवारी मेज बसेल, आणि निरंजन माईक हातात घेऊन म्हणेल, कल्पना उत्तम होती, हातांनी घात केला. लोक हळहळतील. चौदा महिने ती गप्प बसली ती याच्यासाठी? डोकं पुन्हा मोकळं सुटणार आणि सापडणार पुन्हा हातच. तिच्या मौनानं त्या माणसाला बुडवायचं होतं. ते तर त्याला तारून नेत होतं. तिच्या अंगाची आग आग झाली.

“गाडी काढ,” ती म्हणाली. “आणि तुझं मेज घे. खिळ्यावरचं. जुनं.”

वहीवर पायलनं चौथीत असताना रंगीत पेन्सिलनं फुलं काढली होती. ती वही आणि बाबांची टेप वनमालानं पिशवीत टाकली. बंडूला वाचवायला आपण चाललो असं तिच्या मनातही नव्हतं. तिला निरंजनचं तोंड बघायचं होतं. बंडू वाचला तर वाचला.

उरल्याचा रस्ता ट्रकांनी भरलेला. धुळीत दोघींच्या ओढण्या काळ्या होऊन त्या कारखान्यात पोचल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. शेडमध्ये पंधरा-वीस कामगार अर्धगोल करून उभे. मधोमध श्यामकांतसेठ खुर्चीवर, समोर टेबलावर कोरा कागद. निरंजन बाजूला, हातात लॅपटॉप. आणि बंडू. केस बरेच पांढरे झाले होते. त्याच्या मागे मेजांचे कापलेले पाय भिंतीला लागून छातीएवढे रचून ठेवले होते.

“ड्रॉइंग परफेक्ट आहे, सेठ,” निरंजन सांगत होता. “याच डिझाइनला बक्षीस आहे. चूक इथे, हातात झालीय.”

“बंडू, तुझं काय म्हणणं?” सेठनं विचारलं. सेठ वर्ध्याकडचे, साठीचे, तापट पण ऐकून घेणारे.

“कागदावर होतं तेच कापलं,” बंडू म्हणाला. बस, एवढंच.

“सेठ,” वनमाला पुढे झाली. “मी वनमाला. हे मेज ज्या हातानं बनलं, तो हात.”

निरंजननं वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग, आश्चर्य म्हणजे, सुटका. ती मदतीला आली असं त्याला वाटलं. “या दीदी, या! सेठ, ह्या आमच्या कारागीर, मी म्हणालो नव्हतो का...”

“थांबा जरा.” तिनं वही काढून सेठच्या पुढ्यात उघडली. “हे पान पाहा. मग साहेबाचा कागद पाहा. मग बंडूनं कापलेला पाय मोजा. तुमच्या टेपनं.”

सेठनं चष्मा चढवला. मोजायला वेळ लागला नाही. वहीत तेरा आणि दोन. निरंजनच्या कागदावर तेरा आणि दोन. बंडूच्या पायाला तेरा आणि दोन, केसाचाही फरक नाही. सेठनं पानाच्या कोपऱ्यातली तारीख बघितली, वर्ष दहा वर्षांपूर्वीचं. त्यांनी कव्हरवरची फुलंही बघितली.

“म्हणजे बंडूची चूक नाही,” ते सावकाश म्हणाले. “आणि कागद या वहीतून उतरवलाय. पण बाई, मग माप तुमचंच चुकलं ना?”

निरंजननं श्वास सोडला. “तेच! सोर्समध्येच मिस्टेक होती, सेठ.”

या वाक्यासाठी वनमाला कितीही लांब चालत आली असती. तिनं पिशवीतून बाबांची टेप काढली, पायलचं मेज उघडून जमिनीवर ठेवलं. ते दहा वर्षांचं म्हातारं मेज चारही पायांवर घट्ट उभं राहिलं. कामगारांपैकी एकानं त्यावर हात दाबून पाहिला.

“निरंजन,” ती म्हणाली. साहेब नाही, भैया नाही. “ये. टेप धर.”

“मी?”

“तू. दीड वर्षं माझ्या शेडमध्ये बसला. आज एक डाव टेप धर.”

सगळे बघत होते. लॅपटॉप कुठे ठेवावा ते त्याला कळेना; शेवटी पायलनं तो घेतला. तो वाकला, टेपचं चेंबलेलं टोक बोटानं सरळ करून मेजाच्या पायाच्या वरच्या कडेला लावलं.

“किती आला?”

“बारा.”

“तुझ्या कागदावर?”

“तेरा.” तो गोंधळला. “पण हे कसं...”

“आता टोक सोड. एकच्या रेघेवर अंगठा ठेव. तिथून धर.”

त्यानं अंगठा ठेवला.

“आता?”

त्यानं अंगठा उचलून पुन्हा नीट ठेवला. “तेरा.”

“भोक?”

“दोन.”

“माझी टेप एकपासून सुरू होते,” वनमाला सेठला म्हणाली. “बाबाची आहे. पहिला इंच गेलेला आहे तिचा. जो एकदा तरी हिचं टोक धरतो, त्याले सांगावं लागत नाही. ह्यानं फोटो काढले.”

मागे कोणीतरी खुसकन हसलं. मग दुसरा. सेठही हसले असते, पण तीनशे मेजांचं लाकूड त्यांचं होतं. त्यांनी फक्त निरंजनकडे बघून विचारलं, “दीड वर्षात एकदाही टेप नाही धरली तुम्ही?”

निरंजन उकिडवाच होता. उठायचं त्याला सुचत नव्हतं.

“लाकूड वाया नाही गेलं, सेठ,” वनमाला म्हणाली. “जास्त आहे, कमी नाही. पायाचा वरचा एक इंच कापा, फळीचा सुरुवातीचा एक. भोकं आपसूक जागेवर येतात. दोन दिवसांत होते. पण त्याआधी ह्यानं एक गोष्ट बोलायची. हॉलात माईकवर बोलला होता ना, ते इथे बोलायचं. उलटं.”

“दीदी, सगळ्यांसमोर...”

“तेव्हाही सगळे होते.”

यंत्रं बंद होती, त्यामुळे बाहेरच्या ट्रकांचा आवाजच तेवढा येत होता. निरंजननं टेपकडे बघत म्हटलं, “माप दीदींचं आहे.”

“मापच?”

“वस्तू पण. डोकं... डोकं पण त्यांचं.”

“अन् तुझं काय?”

तो टेप गुंडाळत राहिला. वनमालानं पुन्हा विचारलं नाही. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते कमी गोड लागलं, पण लागलं. सेठनं कोरा कागद बंडूच्या बाजूनं उचलला आणि निरंजनच्या बाजूला सरकवला. “आता जे बोलला ते लिहा, सही करा. मेजाच्या पाटीवर बाईंचं नाव येईल. बक्षिसाचं तुमचं तुम्ही बघा.”

निरंजननं लिहिलं, सही केली. लॅपटॉप विसरूनच तो बाहेर गेला, आणि पायलला तो घेऊन त्याच्या मागे जावं लागलं.

कामगार पांगले. सेठ फोनवर बोलत ऑफिसकडे गेले. शेडमध्ये वनमाला, बंडू आणि पायांचा तो ढीग उरला. बंडूनं न बोलता मोठ्या करवतीचं पातं तपासायला घेतलं. वनमालालाही बोलायचं नव्हतं. त्याची नोकरी वाचली होती, हिशेब संपला. विसरणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

तिनं कानामागची पेन्सिल काढली. ढिगातला पहिला पाय घेतला, वरच्या टोकावरचा भुसा ओढणीनं पुसला आणि खूण करायला टेप लावली.

खूण तिथे होती. टोकापासून एक इंचावर पेन्सिलची बारीक रेघ, आतल्या अंगाला, सहज दिसू नये अशी.

तिनं दुसरा पाय घेतला. त्यावरही रेघ. ढिगाच्या मधून एक ओढून काढला, मग गुडघे टेकून अगदी तळातून एक. सगळ्यांवर त्याच जागी तीच रेघ, बंडूची, शेवटी जराशी उजवीकडे वळणारी. मग ती उठून फळ्यांकडे गेली. फळ्यांवरही होती.

बाराशे पाय. तीनशे फळ्या. कापण्याआधी एकेकावर बसून त्यानं ही रेघ मारली असणार, आणि मग कागदावर होतं तसंच, इंचभर जास्त, बिनचूक कापलं असणार. आणि आज त्या कोऱ्या कागदासमोर उभं राहूनही तिच्या टेपचं गुपित फोडलं नव्हतं.

राधिकाच्या लग्नाच्या दिवशी ठोकलेला एकेक खिळा वनमालाला आठवला. तिला एवढी लाज वाटली की तिथल्या तिथे जमिनीवर बसावंसं वाटलं.

“बंडू.”

“हव, ताई.”

“मी आलीच नसती तर?”

बंडूनं पातं हातानं एकदा फिरवून पाहिलं, त्यावरचा भुसा फुंकला. “तुम्ही येणार नाही, हे काही मी धरलंच नव्हतं,” तो म्हणाला. “सुरू करू का?”

वनमालानं पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. पहिला पाय उचलून त्याच्यापुढे करवतीवर ठेवला, आणि दुसरं टोक धरून उभी राहिली.